पेंढ्याच्या काकी

पेंढ्याच्या काकी कोणावरही विश्वास ठेवत नसत, आणि ही गोष्ट त्या कोणापासून लपवतही नसत. दूधवाल्याला त्या सरळ सांगायच्या, "तुज्या पिशवीवर माजा भरवसा नाय. उभा ऱ्हा, उकळून बघते." आणि तो दूध उकळेपर्यंत खरोखर दारात उभा राहायचा. डॉक्टरने दिलेली गोळी घेऊन त्या दुसऱ्याच औषधाच्या दुकानात जायच्या आणि काही न सांगता विचारायच्या, "ही गोली कशावर देतात?" दोन्ही उत्तरं जुळली तरच गोळी पोटात जायची. माझी-त्यांची चार वर्षांची ओळख. तेवढ्यात त्यांनी मला तोंडावर "तुमचा काय भरवसा" किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की काकी ज्याला असं म्हणतात त्याला त्या निदान दारात तरी उभं करतात. काहींना तेवढंही मिळत नसे.

रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत त्या आल्या तेव्हा मी तिथला सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे फार काही नाही. लिफ्ट बंद पडली की फोन करायचा, पाण्याची वेळ फळ्यावर लिहायची आणि सगळ्यांची भांडणं ऐकून घ्यायची. दिवसभर मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तळमजल्यावरचा मागचा फ्लॅट काकींच्या मुलाचा. तो नोकरीसाठी बडोद्याला गेला, आणि घर बंद राहायला नको म्हणून त्याने आईला उरणकडच्या गावातून आणून इथे ठेवलं. काकी साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, काटक. लुगडं गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं आणि कपाळावर कायम आठी.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. काकींनी आतल्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावला होता. त्या खोलीला कुलूप असायचं, म्हणजे घरातल्या घरात कुलूप. मागच्या मोकळ्या जागेत दोन निळे ड्रम आले, मोठी शेगडी आली. दर पंधरा दिवसांनी टेम्पोतून भाताचा पेंढा यायचा, आणि घरात ना गाय ना म्हैस. सकाळी मागून वाफ निघायची आणि उकडलेल्या गवताचा जड वास पहिल्या मजल्यापर्यंत चढायचा. दुसऱ्या मजल्यावरचे कदम बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना वेळ भरपूर. त्यांनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं, "हातभट्टी आहे. माझ्याकडून लिहून घ्या. उद्या पोलीस आले तर पहिलं नाव सेक्रेटरीचं येणार."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना करणीचा संशय होता. कोणी म्हणालं, बंद खोलीत पिशव्या टांगलेल्या असतात, दार उघडलं तेव्हा दिसल्या, माणसाच्या धडाएवढ्या. मी सगळ्यांना समजूत घालत होतो, पण खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. एका रविवारी सकाळी मी रजिस्टर काखेत घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "काकी, सोसायटीतर्फे जरा आतली खोली बघायची आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बघा की. पन असं नाय जायचं. चपला काढा. हात धुवा, साबनानं, कोपरापर्यंत. मंग पाय." मी हात धुतले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले आणि नखं दाखवत म्हणाल्या, "परत." त्यानंतर रजिस्टर बाहेर ठेवायला लावलं. मग एक धुतलेला सदरा पुढे केला. "हा घाला. तुमच्या शर्टावर काय काय बसलं असंल, कुनाला ठाव." संशय घेऊन मी गेलो होतो आणि झडती माझीच चालली होती.

आत अंधार होता, गारवा होता. दोरीला पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीत पेंढा ठासून भरलेला, आणि त्या पेंढ्यावर पांढरं जाळं पसरलेलं, जणू कोणी आतून कापूस पिंजून लावलाय. कोपऱ्यातल्या दोन पिशव्यांचं प्लास्टिक काढून टाकलं होतं. त्या उघड्या गठ्ठ्यांतून राखाडी-पांढऱ्या अळंबीचे शिंपल्यासारखे झुपके बाहेर आले होते. "धिंगरी," काकी म्हणाल्या. "खायची अळंबी. दारू नाय आन भूत पन नाय. वर जाऊन सांगा त्या बँकवाल्याला." कदमांचं बोलणं त्यांच्यापर्यंत कसं पोचलं होतं हे मी विचारलं नाही.

अळंबीबद्दल त्या फारसं बोलत नसत, बोलत पेंढ्याबद्दल. गावच्या बचत गटातर्फे त्यांनी तीन दिवसांचं शिक्षण घेतलं होतं. तिथल्या माणसानेच सांगितलेलं म्हणून त्यांचा त्यावरही विश्वास नव्हता. घरी येऊन त्यांनी पहिल्या खेपेला एक पिशवी त्याने सांगितल्याप्रमाणे भरली आणि एक मुद्दाम चुकवून, म्हणजे पेंढा गरम पाण्यातून न काढता. दुसरी पिशवी आठ दिवसांत हिरवी पडली. ती त्यांनी महिनाभर वेगळी, घराबाहेर टांगून ठेवली आणि रोज जाऊन बघितली. "बिगडलेलं कसं दिसतं ते ठाव नसंल तर बरं कसं वळखनार?" हे त्यांचं म्हणणं. अळंबी आपली आपण येते, माणसाने करायचा असतो तो पेंढा, असं त्या सांगायच्या. "बियानं कोन पन इकतं. पेंढा जागेवर नसंल तर बियानं काय करंल बिचारं."

त्या रविवारनंतर मी अधूनमधून त्यांच्याकडे जायला लागलो. पहिले दोन महिने मला फक्त बघायची परवानगी होती. पेंढा आणायला त्या स्वतः नेरेकडच्या गावांत जायच्या. गठ्ठ्याच्या बाहेरचा पेंढा कोणी दाखवला तर तो बाजूला सारून गठ्ठ्याच्या पोटात हात घालायच्या, आतली मूठभर काडी उपसून नाकाला लावायच्या. पावसात भिजून परत वाळलेला पेंढा दिसायला सोनेरीच असतो, पण वास खोटं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. शेतकऱ्याने शपथ घेतली तरी त्या काडी खाली टाकून पुढच्या घराकडे वळत.

घरी आणलेला पेंढा कोयत्याने दोन-तीन बोटं लांबीचा कापायचा, गोणपाटात भरायचा आणि ड्रममधल्या गार पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायचा. पेंढा तरंगतो, म्हणून वर दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गोणपाट दुसऱ्या ड्रममधल्या गरम पाण्यात तासभर. पाणी उकळू द्यायचं नाही आणि निवूही द्यायचं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे तापमापक होते, एक नाही, तीन. पहिला आणला आणि तो खरं सांगतो कशावरून म्हणून दुसरा आणला. दोघांत फरक निघाला, म्हणून तिसरा. तिघांपैकी दोघं जे सांगतील ते खरं. "ऐंशीच्या खाली गेला तर हिरवी बुरशी पेंढ्यात जित्ती ऱ्हाते. ती आपली वाट बघत बसते," त्या सांगत, आणि सांगताना आवाज असा खाली आणत की जणू ती बुरशी दाराआड उभी राहून ऐकते आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट पाण्याचा अंदाज. गरम पाण्यातून काढलेला पेंढा तिरक्या बाजेवर निथळत ठेवायचा, निवू द्यायचा, आणि मग मूठभर घेऊन दाबायचा. धार लागली तर ओला, काहीच आलं नाही तर कोरडा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर बरोबर. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा मूठ दाबायला दिली. मी दाबली. चार थेंब पडले. मी खुशीत त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी माझ्या हातातला तोच पेंढा घेऊन पुन्हा दाबला. आणखी सहा पडले. "तुमी हलक्या हातानं दाबलं. चार पायजे व्हते म्हून चारच पाडलं. स्वतःला फसवायचं नाय, सेक्रेटरी. पिशवी फसत नाय."

त्यांचा हा स्वभाव कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं, पेंढा कापता कापता. सासऱ्यांची खाडीकाठी शेती होती, बाजूला मिठागर होतं. घरात लिहितंवाचतं कोणी नव्हतं. नात्यातलाच एक माणूस कागद घेऊन आला, रेशनचा आहे म्हणाला. सासऱ्यांनी अंगठा दिला. तो कागद जमिनीचा होता. "मी तितंच व्हती, च्या घेऊन आली व्हती त्याला," काकी म्हणाल्या. "मला वाटलं व्हतं काय तरी गडबड हाय. त्यो माज्याकडं बघत नव्हता. पन नवी सून, बोलनार कशी? आता मी बोलते." एवढं सांगून त्या पुन्हा कोयता चालवायला लागल्या, आणि त्या विषयावर परत कधी आल्या नाहीत.

हळूहळू बिल्डिंगचा विरोध मावळला. काकींची अळंबी ताजी, मांसल, आणि मसाल्यात परतली की मटणाला मागे टाकणारी. आठवड्याला दहा-बारा घरांत पाकिटं जायला लागली, कदमांच्या घरीसुद्धा. पीक संपलेला जुना पेंढा आणि सगळ्यांचा ओला कचरा एकत्र करून काकी मागे खत करायच्या, त्यावर आमच्या कुंपणाची जास्वंद तरारली. तरी पूर्ण भरवसा दोन्ही बाजूंना नव्हताच. काकी पाकीट देताना सांगायच्या, "आजच शिजवा, उद्या माज्याकडं येऊ नका," आणि घेणाऱ्या बायका पाकीट उजेडात धरून बघायच्या.

मग ती सोमवारची सकाळ. मी कंपनीच्या बससाठी निघालो होतो. काकी समोरच्या देवळाच्या नळावरून दोन कॅन भरून आणत होत्या. मी विचारलं, "आपलं पाणी नाही का आलं?"

"आलंय. पन त्याला वास येतोय. दोन दिस झालं. पेंढा नाय भिजवायची मी त्यात. तुमी वर टाकी बघा."

बस कोपऱ्यावर आली होती. मी हसून म्हणालो, "काकी, तुमच्या हाताला पेंढ्याचा वास असतो, तोच येत असेल." त्या कॅन उचलून आत गेल्या. खरं असं होतं की टाकी धुण्याची पाळी दोन महिन्यांपूर्वीच टळून गेली होती. माणूस मिळत नाही म्हणून मी पुढे ढकलत आलो होतो. काकींना सगळ्याचाच वास येतो, असं म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं. पण कॅन घेऊन जाणाऱ्या काकींना आणखी कोणी कोणी बघितलं होतं. दोन दिवसांत बिल्डिंगमध्ये प्रश्न फिरायला लागला, की ही बाई आपल्या नळाचं पाणी का वापरत नाही.

गुरुवारी सकाळी कदमांच्या घरात तिघं आजारी पडली. कदम, त्यांची सून आणि लहान नात. उलट्या आणि जुलाब थांबेनात. नातीला सलाइन लावावं लागलं. आदल्या रात्री त्यांच्याकडे अळंबीची भाजी झाली होती. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर गेली. पावसाळ्यात जंगली अळंबी खाऊन माणसं दगावल्याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्याच. त्या आता नव्याने सांगितल्या जाऊ लागल्या, आणि सांगणारा प्रत्येक जण काकींच्या दाराकडे बघत होता. माझ्याही फ्रिजमध्ये काकींनी दिलेलं पाकीट होतं. बायको दोन दिवस माहेरी गेली होती म्हणून उघडलं नव्हतं. मी ते काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात, सालींच्या खाली दाबून टाकलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. सगळे एकदम बोलत होते. कदमांचा मुलगा हॉस्पिटलमधून आला होता, त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "माझी मुलगी तिथे पडली आहे. आता काहीतरी करा." ठरलं असं, की काकींनी ड्रम, शेगडी, सगळं तत्काळ बंद करायचं. नोटीस मी लिहिली, सही माझी. सही करताना मला टाकी आठवली. सोमवारची सकाळ, कॅन, काकींचे शब्द, सगळं आठवलं. मी गप्प राहिलो. टाकीचं नाव काढलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता.

नोटीस द्यायला मी गेलो तेव्हा काकी दारातच होत्या. "पोर कशी हाय?" हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, "बरी आहे, पण सलाइन आहे." मग त्यांनी विचारलं, "काय काय खाल्लं त्यांनी? सगळं सांगा. भाजी खाल्ली, भाकर खाल्ली, पानी प्याली का नाय?" मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "वाचा. शब्दन् शब्द वाचा." मी वाचला. ड्रममध्ये चार गोणपाटं भिजत पडली होती, उद्या सकाळी गरम पाण्यातून काढायची. ती त्यांनी बोटाने दाखवली आणि विचारलं, "यांचं काय करू?" मी म्हणालो, "आता शेगडी पेटवता येणार नाही, काकी." त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

भिजलेला पेंढा दोन दिवस तसाच राहिला आणि आंबला. शनिवारी त्याची घाण मागच्या सगळ्या गॅलऱ्यांत पसरली. लोक नाकाला रुमाल लावून म्हणाले, बघा, हेच सगळं खात होतो आपण. ती घाण आमच्या नोटिशीची होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या विंगमधली दोन कुटुंबं आजारी पडली. त्यातल्या एका घरात अळंबीला कोणी शिवतही नसे, दुसरं तर आठवड्यापूर्वीच राहायला आलं होतं आणि काकींना ओळखतही नव्हतं. दोन्ही विंगांना पाणी एकाच टाकीचं.

मी एकटाच गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण एका बाजूने फुटून आत घसरलं होतं. वाकून बघितलं, तर पाण्यावर दोन कबुतरं होती, किती दिवसांची ते सांगवत नाही. मी लगेच पाणी बंद केलं, सगळ्या घरांना निरोप दिला, माणसं शोधून आणली आणि संध्याकाळपर्यंत टाकी उपसून घासून घेतली. माणूस मिळायला एक तास लागला. दोन महिने मला तो मिळत नव्हता.

रविवारी पुन्हा सभा. या वेळी मी उभा राहिलो आणि सांगितलं, की टाकी दोन महिन्यांपूर्वी धुवायची होती, ती मी टाळली. काकींनी सोमवारी मला पाण्याबद्दल सांगितलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं. आणि गुरुवारी नोटिशीवर सही करताना हे सगळं मला आठवत होतं. कदमांचा मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याची मुलगी आदल्या दिवशी घरी आली होती, नाहीतर त्याने काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी सेक्रेटरीपद सोडलं. पुढच्या सगळ्या काळात मला "सेक्रेटरी" म्हणणारं एकच माणूस उरलं, काकी.

सभेनंतर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दारातच उभं केलं. माफीचे शब्द मी जुळवून ठेवले होते, ते बोललो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमी पाकीट कचऱ्यात टाकलं, ते मी बघितलं व्हतं. खताला कचरा मीच उपसते." मला मान वर करवेना. "टाकलं त्याचा मला राग नाय. संशय आला तर टाकायलाच पायजे, मी पन टाकलं असतं. पन मंग माज्या दारात यायचं व्हतं. सांगायचं व्हतं, काकी, तुमच्या मालावर माजा भरवसा नाय. मी तुमाला सगळं दाखवलं असतं. पेपरात गुंडाळून, सालीखाली टाकलं. त्या कागदवाल्यानं पन असंच केलं व्हतं. त्यो पन माज्याकडं बघत नव्हता."

सोसायटीने नोटीस मागे घेतली. कदम स्वतः खाली जाऊन बोलून आले. लोक पुन्हा पाकिटं मागायला लागले. पण काकींनी शेगडी पेटवली नाही. दोन महिन्यांत त्यांनी सामान आवरलं आणि बेलपाड्याला भावाकडे गेल्या. खारघरच्या टॉवरांच्या मधोमध ते गाव अजून टिकून आहे, आणि भावाच्या घरामागे पत्र्याची एक मोठी खोली रिकामी होती. जाताना टेम्पोत तिन्ही तापमापक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मीच एका रविवारी बेलपाड्याला गेलो. त्यांनी मला बघितलं, हाताने नळ दाखवला. मी कोपरापर्यंत हात धुतले. तिथे त्यांची भावजय हिराबाई आणि गावातल्या आणखी दोघी मिळून पिशव्या भरत होत्या, रोडपालीपेक्षा तिप्पट काम होतं. मला त्यांनी पेंढा कापायला बसवलं. नंतर वर्षभर मी दर पंधरवड्याला जात राहिलो, आणि वर्षभर फक्त पेंढा कापला. त्या वर्षात मूठ दाबायला मला एकदाही दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

गेल्या हिवाळ्यात काकींना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होत्या. ताप गेला, खोकला गेला, पण नाक गेलं ते गेलंच. कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. काकींनी दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला सांगता येत नाही. दोन उत्तरं जुळली नाहीत, तेव्हा त्यांनी ओळखलं, की वास परत येणार नाही. भावजयीला त्या काही बोलल्या नाहीत. मी गेलो त्या रविवारी सहा गोणपाटांचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून बाजेवर पसरला होता. काकी आजारी असताना तो हिराबाईने आणला होता. बियाण्याच्या पिशव्या आल्या होत्या, त्या फार दिवस टिकत नाहीत. पेंढा बघून हिराबाई म्हणाली, "चांगला हाय, वन्सं. भरायला घेऊ?"

काकी बाजेपाशी गेल्या. मूठभर पेंढा घेतला, नाकापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, इकडं या. बघा कसा वास येतोय."

मी त्यांच्या हातातून पेंढा घेतला. वरून उकडलेल्या गवताचा तोच ओळखीचा, गोडसर वास. मी ढिगाच्या पोटात हात घातला आणि आतली मूठ काढली. पुन्हा तोच वास, पण त्याच्या मागे काहीतरी होतं, बरेच दिवस बंद असलेल्या गादीसारखं, अगदी पुसट. सहा गोणपाटं होती. तिघी बायकांची दोन दिवसांची मेहनत होती. चांगला आहे म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"मला खात्री नाही, काकी," मी म्हणालो.

"खात्री नको. संशय हाय का, तेवढं सांगा."

"आहे."

"उपसा समदं," काकी हिराबाईला म्हणाल्या.

हिराबाई चिडली. बोलली ते साहजिकच होतं, की कालपर्यंत ज्या माणसाला तुम्ही मूठ दाबायला देत नव्हता, त्याच्या एका शब्दावर सहा गोणी फेकायच्या का. काकींनी ते सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "एक पिशवी भरून ठेव. बाहेर टांग. सेक्रेटरी खरं बोलतोय का खोटं ते कळू दे." बाकीचा सगळा पेंढा त्या दिवशी खतात गेला. मी आणि हिराबाई टेम्पो करून नेरेला गेलो, तीन घरं फिरलो, गठ्ठ्यांच्या पोटात हात घालून नवा पेंढा आणला. बियाणं वाया गेलं नाही.

बाहेर टांगलेली ती पिशवी नवव्या दिवशी हिरवी पडली. काकींनी मला फोन करून बोलावून घेतलं आणि ती दाखवली. हिरव्या ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही बघा. आलीच." त्यांना इतकं समाधान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला बाजेकडे बोलावून नव्या पेंढ्याची मूठ दाबायला दिली.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकी मुलीकडे उरणला गेल्या. गुडघे साथ देईनात, आणि वासाशिवाय पेंढ्यापाशी बसणं त्यांना जमेना. निघताना अंगणात सगळे उभे होतो. त्यांनी हिराबाईला माझ्यासमोरच सांगितलं, "पेंढा आला की सेक्रेटरीला बोलवत जा. त्याला कळतं. पन त्याला एकल्याला सोडू नको. कोनतरी बाजूला उभी ऱ्हा." हिराबाई हसली, मीही हसलो. काकी हसल्या नाहीत. त्या मनापासून बोलत होत्या.

तेव्हापासून मी दर दुसऱ्या रविवारी बेलपाड्याला जातो. मी बाजेपाशी बसतो, आणि हिराबाई कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहते. मला तिचं बघणं खटकत नाही. एखाद्या रविवारी ती चहा ठेवायला आत गेली, तर मीच तिला हाक मारतो, आणि ती बाहेर येईपर्यंत पेंढ्याला हात लावत नाही.